कुलूप कुणी लावायचं? दुचाकी चोरीच्या प्रश्नाचा आढावा

रात्री अकराच्या सुमाराला रस्त्यावर दिसणारं एक दृश्य आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पुढे एक मोटारसायकल, इंजिन बंद, दिवा बंद. मागून दुसऱ्या गाडीवरचा माणूस पुढच्या गाडीच्या फूटरेस्टला पाय लावून तिला ढकलत नेत असतो. 'पेट्रोल संपलं असणार' असं मनात म्हणत आपण पुढे जातो, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. माझ्या धाकट्या भावाची गाडी मात्र अशीच गेली. दवाखान्याबाहेर लावलेली होती, हँडल लॉक होतं. शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या सीसीटीव्हीत सगळं दिसलं. एक जण येऊन गाडीवर बसला, दोन्ही हातांनी हँडल धरून त्याने एक जोरदार हिसका दिला, लॉक तुटलं, साथीदाराने मागून पाय लावला. गाडीला हात लागल्यापासून ती कॅमेऱ्यातून बाहेर जाईपर्यंत चाळीस सेकंदही गेले नाहीत. चावी लागली नाही, इंजिन सुरू करावं लागलं नाही. दुकानाच्या पायरीवर तीन माणसं उभी होती. त्यांच्यापैकी एकानेही मान वळवली नाही, कारण त्यांच्या दृष्टीने तिथे वेगळं काही घडतच नव्हतं.

भाऊ इलेक्ट्रिशियन आहे. पुढचे दोन महिने तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून बसने फिरला. लांबची कामं त्याने सोडली. गाडीचे हप्ते मात्र चालू राहिले, कारण गाडी चोरीला गेली म्हणून कर्ज थांबत नाही. दूध घालणारा, घरपोच जेवण पोचवणारा, प्लंबर, वाडीवस्तीवर फिरणारी आशा सेविका अशा असंख्य माणसांचं पोट दुचाकीच्या दोन चाकांवर चालतं. देशात चोरीला जाणाऱ्या वाहनांत सर्वांत मोठा वाटाही दुचाकींचाच असतो. तरी वर्तमानपत्रात या चोरीला आतल्या पानावर चार ओळी मिळतात. म्हणून हा प्रश्न एकदा सगळ्या बाजूंनी पाहायला हवा: गाडी जाते कशी, मालक काय करू शकतो, कायदा आणि विमा कुठवर साथ देतात, आणि जे मालकाच्या आवाक्याबाहेर आहे ते कुणी करायचं.

चोर एकाच प्रकारचा नसतो

'सराईत दुचाकी चोर जेरबंद' या मथळ्याखालच्या बातम्या सलग वाचल्या तर तीन वेगळे चोर दिसू लागतात. पहिला मौजमजेसाठी गाडी उचलणारा. यात अल्पवयीन मुलं पुष्कळ असतात, पोलिसांच्या भाषेत 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. समोर सोपी गाडी दिसली की हा उचलतो, पेट्रोल संपेपर्यंत फिरवतो आणि कुठेतरी टाकून देतो.

दुसऱ्याचा हा धंदाच असतो. एका जिल्ह्यात गाडी चोरायची, दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्याच्या सीमेपलीकडे 'कागदपत्रं नंतर देतो' असं सांगून स्वस्तात विकायची, नाहीतर खोलून सुटे भाग करायचे. टाकी, चाकं, इंजिन, बॅटरी अशा प्रत्येक भागाला गिऱ्हाईक असतं.

तिसऱ्याला गाडी दुसऱ्या गुन्ह्यासाठी हवी असते. सोनसाखळी खेचायला निघालेला माणूस स्वतःच्या नावावरची गाडी सहसा वापरत नाही. १० जुलै २०१४ रोजी पुण्यात फरासखाना पोलीस ठाण्याजवळच्या वाहनतळात स्फोट झाला. बाँब ज्या मोटारसायकलवर ठेवला होता, ती साताऱ्याहून चोरलेली होती. गाडी चोरीला गेल्याची तक्रार त्याच दिवशी का द्यायची, याचं उत्तर या एका घटनेत आहे. तक्रार होईपर्यंत त्या गाडीचा जो वापर होईल, त्याचा पहिला प्रश्न नोंदणी पुस्तकावर नाव असलेल्या माणसाला विचारला जातो.

तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला एक जास्तीचं कुलूप पुरतं. तिसऱ्याविरुद्ध लवकर दिलेली तक्रार उपयोगी पडते. दुसऱ्याला मात्र कुलपाने उशीर होतो, इतकंच. तो थांबेल तर विक्रीची वाट बंद झाल्यावर.

हँडल लॉकवर किती भरवसा ठेवायचा

कारखान्यातून येणाऱ्या गाडीला हँडल लॉक असतं, आणि बहुसंख्य लोकांची सुरक्षितता तिथेच संपते. या लॉकमध्ये एक लहानशी पिन असते. चावी फिरवली की ती पुढे सरकून हँडलच्या दांड्याच्या खाचेत बसते. आता हँडलची रुंदी पाहा. टोकाला धरून जोर लावला की ते पहारीसारखं तरफ म्हणून काम करतं आणि सगळा भार त्या पिनेवर येतो. त्यामुळे दणकट माणसाच्या हिसक्यापुढे ती टिकत नाही. यात मालकाचा हलगर्जीपणा काहीच नाही. रचनाच तेवढी आहे.

दुसरी कमजोरी चावीची. मंडईजवळ बसणाऱ्या एका चावीवाल्याला मी याबद्दल विचारलं. त्याने डब्यातून शंभर सीसीच्या एका जुन्या गाडीची चावी काढून माझ्या तळहातावर ठेवली. दात जवळजवळ नाहीसे झालेले, नुसती गुळगुळीत पट्टी उरलेली. मग दुरुस्तीला आलेला एक जुना लॉकसेट घेऊन त्याने ती चावी आत घातली, थोडी मागेपुढे हलवली आणि फिरवली. लॉक उघडलं. "चावी झिजते तशा आतल्या पत्र्याही झिजतात. दहा वर्षांच्या गाडीला तिची स्वतःचीच चावी लागते असं नाही," तो म्हणाला. सात-आठ वर्षं वापरलेल्या गाडीचा लॉकसेट बदलून घेणं हा म्हणूनच सगळ्यांत दुर्लक्षित आणि स्वस्त उपाय आहे. आपली गाडी दुसऱ्याच्या चावीने उघडते असा अनुभव एकदा आला, तर तो किस्सा म्हणून सांगत बसू नये. त्याच आठवड्यात लॉकसेट बदलावा.

अनेक नव्या गाड्यांत चावीच्या भोकावर चुंबकाने उघडणारं झाकण असतं. त्यामुळे बनावट चावी घालणं अवघड होतं. पण चोराने हिसका देऊन हँडल मोकळं केलं आणि गाडी ढकलत नेली, तर त्या झाकणाचा उपयोग नाही.

मालकाच्या हातातले उपाय

पोलीस, गॅरेजवाले आणि चोरीचा फटका बसलेले मालक शेवटी एकाच सल्ल्यावर येतात: दुसरं कुलूप लावा, आणि ते चाकाला लावा. चाक फिरत नसेल तर पाय लावून ढकलण्याची युक्ती चालत नाही. गाडी उचलून टेम्पोत घालावी लागते, आणि त्याकडे लोकांचं लक्ष जातं.

डिस्क ब्रेक असेल त्याने डिस्क लॉक घ्यावं. काही शे रुपयांत मिळतं आणि डिकीत मावतं. त्याचा एकच धोका म्हणजे विसरभोळेपणा. लॉक तसंच ठेवून गाडी पुढे काढली की मालक पडतो आणि डिस्क वाकते. म्हणून त्याच्यासोबत भडक रंगाची दोरी घेऊन ती हँडलला अडकवून ठेवावी.

पण आपल्याकडच्या शंभर सीसीच्या पुष्कळ गाड्यांना आजही दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. तिथे डिस्क लॉक लावायला जागाच नाही, आणि रोजगारासाठी सर्वांत जास्त वापरल्या जातात त्या याच गाड्या. यांच्यासाठी साखळी हाच उपाय. साखळी घेताना चार गोष्टी पाहाव्यात. कड्या कडक केलेल्या पोलादाच्या असाव्यात. सायकलीची प्लास्टिक चढवलेली तार पक्कडीनेही तुटते. साखळी पुढच्या चाकापेक्षा मागच्या चाकातून आणि फ्रेममधून घ्यावी, कारण पुढचं चाक थोड्या वेळात निघतं. शक्य असेल तिथे ती खांबाला, गजाला किंवा शेजारच्या गाडीला जोडावी. आणि ती जमिनीवर लोळत ठेवू नये. जमिनीवर टेकलेल्या साखळीवर हातोडा घालता येतो, कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर अंगाचं वजन टाकता येतं. ताणून वर बांधलेल्या साखळीशी झटायला चोराला जास्त वेळ लागतो.

बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे कुठलीही साखळी फार काळ टिकत नाही. पण ग्राइंडरचा आवाज होतो, ठिणग्या उडतात. कुलपाचं काम चोराला कायमचं अडवण्याचं नसून त्याचा वेळ खाण्याचं आणि त्याला उघड्यावर आणण्याचं आहे. चाळीस सेकंदांचं काम पाच मिनिटांवर गेलं, की तो शेजारच्या सोप्या गाडीकडे वळतो.

जागेचा विचारही तितकाच महत्त्वाचा. चोरीच्या बातम्यांत दोन ठिकाणं पुन्हा पुन्हा येतात: रात्री घरासमोरचा रस्ता, आणि दिवसा गर्दीच्या जागा, म्हणजे रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, सरकारी दवाखाना, आठवडे बाजार, मंगल कार्यालय. गर्दीत गाडी सुरक्षित असते हा समज चुकीचा आहे, कारण कोणती गाडी कोणाची हे गर्दीत कुणालाच माहीत नसतं. पावती देणारं पार्किंग असेल तर दहा-वीस रुपये वाचवू नयेत. सोसायटीत गाडी दिव्याखाली, कॅमेऱ्याच्या नजरेत लावावी. आणि 'दोनच मिनिटांचं काम' म्हणून चावी गाडीलाच ठेवून दुकानात शिरू नये. त्या दोन मिनिटांत गाडी गेली तर विमा कंपनीही योग्य काळजी न घेतल्याचा मुद्दा काढू शकते.

मूळ नोंदणी पुस्तक डिकीत ठेवण्याची सवयही सोडावी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली कागदपत्रं तपासणीत ग्राह्य धरली जातात. डिकीतलं मूळ पुस्तक म्हणजे चोराच्या हाती विक्रीचा कागद देणं आहे.

आवाज, उपग्रह आणि चिप

इलेक्ट्रॉनिक उपायांमध्ये पहिला अलार्म. सुरुवातीला तो उपयोगी वाटतो, पण ट्रक गेला तरी वाजणारा अलार्म आठवड्याभरात कुणी ऐकेनासं होतं. संवेदनशीलता नीट लावून घेतली तरच त्याचा फायदा.

दुसरा जीपीएस ट्रॅकर. तो उपग्रहावरून गाडीची जागा ओळखतो आणि सिमकार्डवरून मालकाच्या मोबाईलला कळवतो. चांगल्या ट्रॅकरमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते आणि गाडीच्या बॅटरीची वायर तोडताच सूचना येते. ट्रॅकर चोरी थांबवत नाही. गाडी कुठे आहे ते सांगतो, तेही पहिल्या काही तासांत. तळघरात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये तो मुका होतो, आणि सराईत चोर त्यालाच आधी शोधतो. म्हणून तो सीटखालच्या नेहमीच्या जागी बसवू नये. ब्लूटूथ टॅग स्वस्त आहेत, पण ते जवळून जाणाऱ्या फोनवर अवलंबून असतात. शिवाय कुणाचा नकळत पाठलाग होऊ नये म्हणून त्यातले काही टॅग सोबत फिरणाऱ्या अनोळखी माणसाच्या फोनवर सूचना देतात, म्हणजे चोरालाही. आणि जागा कळली तरी एकट्याने तिथे जाऊ नये. ती माहिती घेऊन पोलिसांकडे जावं.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे इमोबिलायझर. यात चावीत एक चिप असते. तिचा संकेत गाडीच्या नियंत्रण यंत्रणेला ओळखता आला तरच इंजिन सुरू होतं. वायरी जोडून गाडी 'डायरेक्ट' करता येत नाही. महागड्या मोटारसायकलींत ही सोय अनेक वर्षांपासून आहे. आपल्याकडे होंडाने २०२३ मध्ये अॅक्टिव्हाच्या एका आवृत्तीत स्मार्ट चावीबरोबर ती दिली. पण सामान्य माणसाच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतांश मोटारसायकलींत ती अजून नाही.

ती देणं तांत्रिकदृष्ट्या फार दूरचं राहिलेलं नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक दुचाकींत इंधन फवारणी नियंत्रित करणारा छोटा संगणक आला. इमोबिलायझरला ज्या मेंदूची गरज असते, तो गाडीत आधीच बसलेला आहे. तोवर ज्याला जमेल त्याने चांगल्या मेकॅनिककडून इंधन पंपाच्या वायरीत एक लपवलेला स्विच बसवून घ्यावा. मात्र त्याआधी वॉरंटीच्या अटी पाहून घ्याव्यात.

इलेक्ट्रिक स्कूटरचा प्रश्न थोडा वेगळा. त्यांच्यात चोरीची सूचना, ठरावीक हद्दीबाहेर गेल्यास इशारा अशा सोयी पुष्कळदा कंपनीकडूनच मिळतात. पण जिथे बॅटरी काढता येते तिथे चोराचा डोळा बॅटरीवर असतो. ती रात्री घरात नेणं उत्तम.

गाडीची ओळख

चोरलेली गाडी विकायची तर तिची ओळख पुसावी लागते. ही ओळख तीन ठिकाणी असते: नंबर प्लेट, इंजिन क्रमांक आणि सतरा अक्षर-अंकांचा चेसिस क्रमांक.

नंबर प्लेट पूर्वी कोणत्याही रेडियमवाल्याकडे दहा मिनिटांत बदलता यायची. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बंधनकारक झाली. तिच्यावर क्रोमियमचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला वेगळा क्रमांक असतो, आणि ती एकदा काढली की पुन्हा न बसणाऱ्या लॉकने जोडलेली असते. त्याआधीच्या वाहनांनाही ती लावण्याची मोहीम महाराष्ट्रात झाली. दुचाकीसाठी जीएसटी सोडून ४५० रुपये शुल्क ठरलं आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. रांगा आणि तारखा यांवरून लोक वैतागले, ते समजण्यासारखं आहे. पण पाटीमागचा हेतू योग्य आहे. तिचा फायदा मिळेल तो साधी पाटी लावलेली गाडी रस्त्यात अडवली जाऊ लागेल तेव्हाच.

चेसिस क्रमांक चोर घासून काढतात. तरीही तो बऱ्याचदा परत मिळवता येतो. क्रमांक ठोकताना अक्षरांखालचा धातू खोलवर दाबला जातो आणि वरचा थर घासला तरी ती दाबलेली जागा आत राहते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर आम्लयुक्त रसायन लावतात. दाबलेला आणि न दाबलेला धातू वेगवेगळ्या वेगाने झिजतो आणि पुसलेला आकडा पुन्हा उमटू लागतो. मालकाने आपल्या बाजूने एवढं करावं: तिन्ही क्रमांक, गाडीवरचे ओरखडे, बदललेले भाग यांचे फोटो काढून फोनमध्ये ठेवावेत. तक्रार देताना हेच हाताशी लागतं.

चोरीनंतरचे पहिले तास

गाडी दिसली नाही की आधी ती वाहतूक पोलिसांनी उचलून नेली आहे का ते पाहावं, आणि लगेच ११२ वर फोन करावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे न पाहता माहिती नोंदवून घ्यावी लागते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळणं हा तक्रारदाराचा हक्क आहे. नव्वद दिवसांत तपासाची प्रगती कळवण्याची जबाबदारीही याच संहितेने पोलिसांवर टाकली आहे. 'आधी दोन दिवस शोधा, मग या' असं कुणी सांगितलं तर शांतपणे या कलमाचा उल्लेख करावा आणि तारीख-वेळेसह लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

एक माग मालक स्वतः ठेवू शकतो, तो म्हणजे ई-चलान. भावाची गाडी गेल्यावर एकोणिसाव्या दिवशी त्याच्या फोनवर दंडाचा संदेश आला. विनाहेल्मेट, दुसऱ्या शहरातला चौक, वेळ दुपारची. फोटोत गाडी त्याचीच, नंबर तोच, चालवणारा अनोळखी. दंडाच्या त्या संदेशाने आमच्या घरात त्या दिवशी आशा आली. पण चोरीची नोंद आणि चौकातला कॅमेरा या दोन यंत्रणा तोवर एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या. कॅमेऱ्याने हेल्मेट नसल्याचं ओळखलं, गाडी चोरीची असल्याचं ओळखलं नाही. गाडी सापडली ती चार महिन्यांनी, एका शेताच्या बांधाला. टाकी, बॅटरी, दोन्ही चाकं गेलेली.

सापडलेली गाडी 'मुद्देमाल' होते आणि न्यायालयाच्या आदेशाने, सुपुर्तनामा करून परत मिळते. पोलीस ठाण्यांच्या आवारात गंजत पडलेल्या दुचाकींचे ढीग आपण पाहतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलं होतं की फोटो आणि पंचनामा करून वाहनं लवकर मालकाला द्यावीत. नव्या संहितेच्या कलम ४९७ ने त्याला मुदत घातली: चौदा दिवसांत मालमत्तेचं विवरण, त्यानंतर तीस दिवसांत आदेश. मालकाने अर्ज करून या मुदतीची आठवण द्यायला संकोचू नये.

विम्याच्या कागदावरची ती तारीख

या लेखातला हा भाग प्रत्येकाने घरातल्या कागदाशी ताडून वाचावा. नवी दुचाकी घेताना 'पाच वर्षांचा विमा' मिळतो असं आपल्याला सांगतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा सक्तीचा झाला, पण तो थर्ड पार्टी विमा. आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई त्यात असते. चोरीची भरपाई 'ओन डॅमेज' या भागातून मिळते, आणि तो भाग बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी त्याचं नूतनीकरण केलं नाही तर कागदावर 'विमा चालू' दिसतो, वाहतूक पोलीसही अडवत नाहीत, पण गाडी चोरीला गेली तर एक रुपयाही मिळत नाही. माझ्या भावाचं नेमकं हेच झालं. विमा आहे या विश्वासावर तो निर्धास्त होता.

विमा असला तरी किती मिळणार हे 'आयडीव्ही' म्हणजे विमा उतरवलेल्या किमतीवर ठरतं. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला घसारा ३० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के धरतात. ८० हजारांच्या गाडीची किंमत तिसऱ्या वर्षी ५६ हजार धरली जाईल. गाडी कर्जावर असेल तर ही रक्कम आधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे जाते.

दाव्यासाठी एफआयआर, गाडीच्या दोन्ही चाव्या, नोंदणीची कागदपत्रं आणि तपास लागत नसल्याचा पोलिसांचा अहवाल लागतो. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, अशा अहवालाला महाराष्ट्रात 'अ' समरी म्हणतात. चाव्यांपैकी एक हरवली असेल तर हरवली तेव्हाच लेखी तक्रार करून ठेवावी, कारण दुसरी चावी कुठे आहे हा प्रश्न हमखास येतो. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावं. कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळला गेला तर गुरशिंदर सिंग खटल्याचा २०२० मधला निकाल लक्षात ठेवावा. ट्रॅक्टरचोरीची तक्रार पोलिसांकडे लगेच दिली होती, विमा कंपनीला ५२ दिवसांनी कळवलं होतं. केवळ त्या उशिरासाठी खरा दावा नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं.

जर्मनीतले दोन धडे

इथवरचं सगळं मालकाने करायचं आहे. पण सगळा भार मालकावर ठेवून चोऱ्या कमी होत नाहीत, हे पूर्वीच्या पश्चिम जर्मनीने दाखवलं आहे.

तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या-जुन्या सर्वच मोटारींना स्टीअरिंग लॉक सक्तीचं झालं आणि मोटारचोरी घसरली. ब्रिटनने १९७१ पासून फक्त नव्या मोटारींना ते सक्तीचं केलं, तर चोर जुन्या मोटारींकडे वळले.

दुसरा धडा मोटारसायकलींचा. १९८० मध्ये तिथे हेल्मेट न घालणाऱ्याला जागेवर दंड सुरू झाला. हेतू अपघातातले जीव वाचवण्याचा होता. पण त्या वर्षी दीड लाखाच्या वर असलेल्या मोटारसायकल चोऱ्या १९८६ पर्यंत ५४ हजारांच्या आसपास आल्या. पॅट मेह्यू आणि रोनाल्ड क्लार्क या अभ्यासकांनी कारण मांडलं ते साधं आहे: समोर संधी दिसली म्हणून गाडी उचलणाऱ्याच्या हातात हेल्मेट नसतं, आणि विनाहेल्मेट निघाला की तो लगेच पकडला जातो. हे चोर त्याच प्रमाणात मोटारी किंवा सायकली चोरायला लागले, असंही दिसलं नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने आपल्याकडेही हेल्मेट सक्तीचं आहे, आणि महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, त्याला झालेला विरोध सर्वांना ठाऊक आहे. जिथे बहुतेक लोक हेल्मेटशिवाय फिरतात तिथे चोर गर्दीत मिसळून जातो. भावाची गाडी चालवणारा तो अनोळखी माणूस भर चौकातून दुपारी गेला, आणि त्याच्या मागेपुढे तशीच उघड्या डोक्याची माणसं होती.

चोरीचा बाजार आपणच चालवतो

धंदेवाईक चोराला जगवतो तो गिऱ्हाईक. 'गाडी चांगली आहे, कागद नंतर देतो, म्हणून स्वस्त' या वाक्यावर व्यवहार होतो तेव्हा घेणाऱ्याला मनातून काहीतरी कळलेलं असतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला जागा असून तो घेणाऱ्यालाही कलम ३१७ नुसार तेवढीच. आणि जो चोरीच्या मालाचा नेहमीचा व्यवहार करतो त्याला याच कलमात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

जुनी गाडी घेताना चेसिस आणि इंजिन क्रमांक स्वतः वाकून वाचावेत, नोंदणीशी ताडावेत, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय या सोयीवर ती गाडी चोरीची म्हणून नोंदलेली नाही ना ते पाहावं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन नाव बदलल्याशिवाय व्यवहार संपला असं धरू नये.

मोठी फट भंगाराच्या बाजारात आहे. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला गाडी मोडण्याआधी चोरीच्या नोंदी तपासाव्या लागतात. पण पत्र्याच्या शेडमध्ये रात्रीतून खोलल्या जाणाऱ्या गाडीला हा नियम शिवत नाही. सुट्या भागांवर ओळख नाही, विकणाऱ्याकडे वही नाही, घेणाऱ्याला प्रश्न नाहीत. बिल नसलेली टाकी बसवून घेणारा प्रत्येक जण पुढच्या चोरीची मागणी नोंदवतो.

कुलूप कुणी लावायचं?

सगळा आढावा घेतल्यावर माझं मत स्पष्ट आहे. आज ही जबाबदारी जवळजवळ सगळी मालकावर आहे. हिसक्याने तुटणाऱ्या लॉकची गाडी त्यानेच घ्यायची, साखळी त्यानेच आणायची, स्विच त्यानेच बसवायचा आणि गाडी गेली की 'काळजी घ्यायला हवी होती' हेही त्यानेच ऐकायचं. ही वाटणी अन्यायाची आहे. देशातल्या प्रत्येक नव्या दुचाकीत, सर्वांत स्वस्त गाडीतही, इमोबिलायझर आणि मजबूत हँडल लॉक सक्तीचं करावं. इंजिन, टाकी, चाकं या मुख्य भागांवर क्रमांक कोरावेत आणि सुटे भाग विकणाऱ्यांना खरेदीची नोंद ठेवायला लावावी. चोरीची तक्रार होताच तो नंबर चौकाचौकातल्या कॅमेऱ्यांपर्यंत पोचावा. यातल्या कशालाही नवा शोध लागायचा नाही. हेल्मेट ओळखणारा कॅमेरा नंबरही वाचतोच.

हे होईपर्यंत आपल्या हातात आहे तेवढं आपण करू. भावाने आता जुनी, पण कागदपत्रं चोख असलेली गाडी घेतली आहे. रोज रात्री तो मागच्या चाकातून साखळी घेऊन जिन्याच्या गजाला बांधतो. तुम्हीही आज घरी गेल्यावर विम्याचा कागद काढा आणि 'ओन डॅमेज' कोणत्या तारखेपर्यंत आहे ते वाचा. ती तारीख उलटून गेली असेल तर उद्याच नूतनीकरण करा, आणि परत येताना एक चांगली साखळी घेऊन या.